काय खोडायचंय?

रामबागेच्या उतारावर आमचं दुकान.
शटर अर्धं वर, अर्धं गंजून अडकलेलं.
वह्या, कंपास, राखीचे दोरे, झेरॉक्स दोन रुपये.
मार्चमध्ये मी खूश होते:
व्हाइटनर एवढा कधीच खपला नव्हता.
सियागंजचा व्यापारी म्हणाला, "ताई, परीक्षा जोरात दिसतायत."
मीही म्हटलं, हो ना, पोरं अभ्यासाला लागलीत.

खोटं नव्हते बोलले.
डोळे मिटून बोलले, एवढंच.

कारण गोलूच्या बोटांना शाई कधी दिसलीच नाही.
अकराचा असेल. कान्ह नदीच्या काठानं भंगार वेचतो,
ओली चिल्लर काउंटरवर ओततो
आणि मला, बाईमाणसाला, "भिया" म्हणतो;
इंदुरात काय, सगळेच भिया.
दिवसाला दोन बाटल्या. वही एकही नाही.
शाळा कुठली विचारलं तर हसला,
तेव्हा ओठांच्या सोललेल्या कडा फाटल्या.

मग एका संध्याकाळी, छत्र्यांच्या मागल्या पायऱ्यांवर,
रुमाल तोंडाशी, डोळे उघडे,
आणि आत बघणारं कोणी नाही.
घरी येऊन गल्ला मोजला.
कुठलं नाणं कोणाचं, हे नाण्यावर लिहिलेलं नसतं.

सकाळी खोकं उचललं, गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलं
आणि एक वही आखली:
नाव, शाळा, किती बाटल्या.
शेवटच्या रकान्यावर काय लिहावं सुचेना,
तर लिहून टाकलं: काय खोडायचंय?

आठवीतली मृण्मयी म्हणाली, स्पेलिंग.
वकिलाचा कारकून म्हणाला, तारीख, आणि डोळा मिचकावला.
गोलू बराच वेळ उभा.
त्याला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवलं.
म्हणाला, "रात, भिया."
मी तेच लिहिलं. बाटली दिली नाही.
शिवी हासडून तो गेला तो थेट चौकात,
नासिरच्या पंक्चरच्या टपरीवर, सोल्यूशनची ट्यूब मागायला.

नासिरशी सहा वर्षं बोलणं नव्हतं,
गटाराच्या पाण्यावरून वाजलं होतं आमचं.
गेले. बोलले.
त्यानं ऐकून घेतलं, फडक्याला हात पुसले, परत पुसले.
"समझ तो मैं भी गया था, भाभी."
ट्यूबा कुलपात गेल्या.

पुढे वॉर्डात बैठक झाली. समोसे झाले, फोटो झाला.
एका साहेबांनी फॉर्म वाटला:
आपल्या वस्तीतील उपलब्ध संसाधने.
खाली केवढी तरी जागा सोडलेली.
मी लिहिलं: नासिरचं कुलूप.
लिहिलं: देवराम उस्ताद, जे तालीम दुपारी दोनलाच उघडतात,
कारण आया कामावर असतात ती वेळ वाईट.
दवाखान्यातल्या कमलेश सिस्टर;
त्या पोराला आधी पोळी देतात, नाव मागून विचारतात.
साहेब म्हणाले, असं नाही चालत, संस्थेचं नाव लिहा,
नोंदणी क्रमांकासकट.
मग ती जागा मी कोरी सोडली.
व्हाइटनर नव्हता जवळ, नाहीतर वरचंही गेलं असतं.

गोलू तालमीत माती भिजवतो. रोज नाही.
पंधरा दिवस येतो, चार दिवस गायब,
मग उगवतो, डोळे लाल,
माझ्याकडे न बघता झेरॉक्सच्या उजेडाकडे बघत राहतो.
परवा आला, आणि आम्ही दोघं गप्प.
त्याला वाटलं मी हाकलणार, मला वाटलं तो मागणार.
त्यानं पेन्सिल मागितली. बिनटोकाची चालेल म्हणाला.
मी टोक काढून दिलं.

खोकं अजून तसबिरीमागेच आहे.
काल मोजलं, एक बाटली कमी.
कोणी नेली ते विचारलेलं नाही मी कोणालाच.
वहीत मात्र एक ओळ सोडून ठेवलीय.