टिकली

मानकापूर चौकात पिवळा दिवा लागला,
सिग्नलचा नव्हे, डॅशबोर्डावरचा.
इंजिनाचं इवलंसं चित्र.
गाडी मात्र चालत होती, अगदी शहाण्यासारखी.

पंधरा दिवस मी त्यावर
जांभळी टिकली चिकटवून ठेवली.
मे महिन्यात गोंद वितळायचा,
ती रोज जराशी घसरायची, आणि दिवा
खालून एक डोळा उघडायचा.

जरीपटक्यात गेडामनं ती काढली,
हसला नाही.
"पेट्रोल गळून नाही रायलं ताई,
वाफ उडून रायली. दिसत नाही न, म्हणून."
त्यानं टाकीत धूर सोडला.
आम्ही दोघं उकिडवे, शेहेचाळीस डिग्रीत,
धुराची वाट पाहत.

झाकणापाशी काहीच नाही.
मग मागच्या चाकावरून
उदबत्तीएवढी एक रेघ
सावकाश वर आली.

"हे पाहा," तो म्हणाला,
जसं कुणी पाहुणं आलंय.
नळीला बोटभर चीर.
दोनशे ऐंशी रुपये.

दिवा लगेच विझत नाही म्हणे,
चार-सहा दिवस गाडीलाही खात्री करू द्यावी.
टिकली अजून स्टिअरिंगवर आहे.
कोराडी रोडनं जाताना
एसी बंद करून, काच खाली घेऊन
मी आपली हुंगत राहते.