कागदी डबा

पाटी वाचायच्या दोन तऱ्हा असतात.
काही लोक डावीकडून वाचतात: मासा, चिप्स, वाटाणे, सरबत.
बाकीचे उजवीकडून.
आधी आकडा, मग त्याच्यासमोर काय मिळतं ते.
तीन उन्हाळे या खिडकीत काढल्यावर
नुसती नजर कुठे टेकते त्यावरून मला कळतं
कोण रांगेत उभं राहील
आणि कोण मुलांना म्हणेल, चला, आधी अस्वलं बघू.

प्राणिसंग्रहालय टेकडीवर. खाली वेल्सचा करडा समुद्र.
तिकीट फाडून एकदा आत आलं
की गावातलं स्वस्त दुकान मैलभर उतारावर राहतं,
आणि हे प्रॉसरसाहेबांना पक्कं ठाऊक आहे.
मुलांचं जेवण साडेनऊ पाउंड:
कोंबडीचे चार तुकडे, मूठभर चिप्स,
डब्यावर हसणारा पेंग्विन.
माझ्या तासाभराच्या मजुरीत एक पेंग्विन येतो,
वर थोडी चिल्लर.

पलीकडे अडीच वाजता खरे पेंग्विन जेवतात.
बादलीभर मासळी, फुकट,
आणि लोक टाळ्या वाजवतात.

गेल्या ऑगस्टात ते पाच जण आले.
वारा असा की सीगलसुद्धा चालत होते.
आडोशाची टेबलं तेवढी आमची,
त्यांवर सूचना: इथे फक्त इथलंच खावं.
चाकाच्या खुर्चीत आजी,
तिच्या मांडीवर, शालीखाली, फॉइलमधली सॅण्डविचेस,
पळवून आणलेल्या पोरासारखी झाकलेली.

प्रॉसरसाहेबांनी हनुवटीनं दाखवलं. उठव.

मी फडकं घेऊन गेले.
स्वच्छ टेबल पुसलं. पुन्हा पुसलं.
तोंडात वाक्य तयार होतं, रोजचंच,
त्याच्या पुढे "माफ करा" लावलेलं.
शेजारच्या टेबलावर कुणीतरी टाकून गेलेला डबा होता, रिकामा.
तो उचलून मी त्यांच्या मधोमध ठेवला,
पेंग्विनचं तोंड साहेबांकडे करून.
"असू दे," म्हटलं.

आजीला आधी कळलं.
फॉइल उघडलं, उकडलेल्या अंड्याचा वास आला.
बापानं वर पाहिलं नाही, फक्त त्याचे कान लाल झाले.
धाकटी लोवरी म्हणाली, यात चिप्स कुठायत?
आणि आई म्हणाली, संपल्या गं.
अगदी खरं वाटेल असं म्हणाली.

जाताना मुलगा खिडकीशी आला.
मॅक्सेन. सात वर्षांचा असेल.
डबा झटकून, कोपरे नीट दुमडून आणलेला.
काउंटरवर ठेवायला त्याला टाचा उचलाव्या लागल्या.
"दुसऱ्या कुणाला लागेल," म्हणाला.

तेव्हापासून तो गल्ल्याखाली असतो, पावत्यांच्या गुंडाळ्यांमागे.
यंदा अकरा वेळा बाहेर निघाला.
चोच पुसली गेलीय, एका पंखाला कुणाचंतरी जॅम.
साहेब एकदा म्हणाले, हल्ली हे डबे फार खपतात.
मी होकार भरला.

रविवारी माझी आई आली, दोन बस बदलून,
लेक कुठे काम करते ते बघायला.
केस विंचरलेले, चांगला कोट.
खिडकीसमोर उभी राहिली, पाटीकडे पाहिलं.
उजवीकडून.
"मी खाऊनच निघाले," म्हणाली,
आणि हातातली पिशवी मागे धरली.

मी खाली वाकले, डबा काढला,
आडोशाच्या टेबलावर नेऊन ठेवला.
तिनं झाकण उचलून आत डोकावलं.
"अगं, रिकामाय हा."

"माहितीये. बस तू."