बेपडदा

एस्कीशेहिरात, पोर्सुक नदीच्या अलीकडे,
नेझिहे पडदे शिवते. चाळीस वर्षं.
दारावर एकच शब्द: पेर्दे.
तिच्या भाषेत खिडकीवरचा तोही पेर्दे
आणि वाद्याच्या मानेवरची आडवी पट्टी, तीही.
आपल्यासारखंच. शब्द कुठून कुठवर चालत गेला
ते त्याच्या पायांना ठाऊक.

मुलगा रॉटरडॅमला. जाताना म्हणाला, गिटार विकून टाक.
काळी, इलेक्ट्रिक, कोपऱ्यातला रंग उडालेली.
विकली नाही. विचारलं की म्हणते, गिऱ्हाईकच आलं नाही.
कुणाला सांगितलं असतं, तर आलं असतं.

मग एका मंगळवारी, हाताला काम नसताना,
मोबाइल दुरुस्त करणाऱ्या हालुककडून
तिनं सोल्डरची कांडी मागून आणली.
"कशाला?"
"इस्त्री करायचीय."

पडदा तापू द्यायचा.
धूर नाही, नुसता वास यायला लागला,
जुन्या लाकडाचा, जुन्या सरसाचा,
की पकडीचं तोंड एका टोकाशी सारायचं
आणि उपटायचं नाही. उसवायचं,
एक एक टाका सुटल्यासारखं.
पहिले सहा अलगद आले.
सातव्याला कपचा उडाला.
गिऱ्हाइकांसमोर जी घालत नाही ती शिवी तिनं घातली,
अर्धा तास गुडघ्यांवर गालिचा चाचपला.
कपचा निघाला तिच्याच सपातेत.

एकवीस खाचा.
दह्याच्या डब्याचं झाकण नेमकं तेवढ्याच जाडीचं.
ज्या कात्रीला तिनं कधी कागद लागू दिला नाही
तिनंच त्याच्या पट्ट्या कापल्या.
गोंदानं अंगठा तर्जनीला जखडला,
तासभर ती
जगाला चिमूटभर मीठ दाखवत फिरली.
मग पॉलिशपेपर, ऐंशी नंबरापासून सहाशेपर्यंत,
मग लाखेचे पाच हात, दोन हातांमध्ये एकेक रात्र.
तारा आता उंच लोंबकळायला लागल्या,
म्हणून शेंड्याची पट्टी कानशीनं खाली घेतली,
जराशी, आणि पुन्हा जराशी,
परकराची उंची कमी करतात तसं भीत भीत.

निघालेले पडदे वाया गेले नाहीत.
तिसऱ्या मजल्यावरच्या मुकद्देसबाईंच्या पडद्याला
खालच्या दुमडीत शिशाऐवजी तेच आहेत.
पडदा सरळ पडतो. बाईंनी चौकशी केलेली नाही.

पहिला आवाज: ओला टॉवेल खुंटीवरून पडल्यासारखा.
दुसराही तसाच.
स्वर उमटायचा आणि लगेच बसायचा,
म्हाताऱ्या माणसासारखा, मिळेल त्या खुर्चीत.
झाकणाच्या पांढऱ्या रेघा अजून दिसतात.
रेघेवर बोट ठेवलं तर सगळं बरोबर येतं.
पण बरोबर तिला नको होतं.
रेल्वेच्या कारखान्यातून आल्यावर तिचे वडील
भोपळ्याचं वाद्य मांडीवर उभं धरायचे,
त्यात एक स्वर होता, कोमलही नाही, शुद्धही नाही,
दोघांच्या मधे कुठंतरी, दर दिवशी थोडा हललेला.
सेंटिमीटरात तो नव्हता. तिनं मोजपट्टी लावून पाहिली.

रविवारी तायफुनचा व्हिडिओ कॉल.
फोन साखरेच्या बरणीला टेकवलेला.
"काय केलंस आई तू तिचं?"
तिनं उत्तर दिलं नाही, वाजवत राहिली.
तो गप्प. मागून त्यांच्याकडची ट्राम गेली.
मग म्हणाला, "खाली आहे."
तिनं बोट सरकवलं.
"अजून जरा वर. नाही, फार झालं. तू शिवताना गुणगुणायचीस ना,
ते. ये परत."
त्या गावाहून आवाज जरा उशिरानं पोचतो,
त्यामुळे तो "इथंच!" म्हणाला
तेव्हा बोट पुढं निघून गेलं होतं.

"कुठं?"
"आत्ता होतीस तिथं."