उचल

साखर पेठेत बोळाच्या तोंडाशी माझं दुकान.
म्याकलमामा डीव्हीडी घेऊन आले
टॉवेलच्या घडीतून,
वर मार्करनं लिहिलेलं : राजमणी, २००५.

मधून कडेकडे पुसली, गोल नाही, सरळ.
तरी एकाहत्तर टक्क्यांवर ड्राइव्ह कण्हला,
थांबला, पुन्हा तिथंच घासत राहिला.
चहा आला. मामांनी बशीत गार केला.

मग चित्र आलं.
बाई उंबऱ्यातून वळते
तसे तिच्या कडेला कंगव्याचे दात फुटतात,
हात हलला की हाताच्या चिंध्या.
जुनं शूटिंग, मामा, म्हटलं, एवढंच मिळेल.

चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस
नाक काचेला लावून बघत राहिला.
"धागा तुटला नाही रे.
उचल उलटी पडतीय तुझी.
खालचा आधी घेतोस. वरचा घे."

सेटिंग उघडलं. फील्डचा क्रम उलटा केला.
राजमणी वळली,
अख्खी, काठासकट.

मागं यंत्रमागाचा खडखडाट होता.
आवाज साफ करू का, विचारलं.
मामा काही बोलले नाहीत.
मी ते बटण तसंच सोडलं.

फाइल मोठी ठेवली, दाबली नाही.
पेनड्राइव्ह अंगठ्यानं चोळून बघत मामा म्हणाले,
"रंग पक्काय ना?"
"पक्का. तरी आणखी एक प्रत असू द्या घरात."
"मग जोडच दे.
एकेरी चादर तिनं
कधी कुणाला दिली नाही."