रोख्याची तारीख

ओसारो आला तेव्हा मी एका घटस्फोटाचं
तिसरं पान टाईप करत होतो.
"काऊन बे खुशाल, अजून इथंच बसून राहिला?"
सव्वीस वर्षांनी, बेनिन सिटीच्या माणसाच्या तोंडून
अस्सल इतवारी.

लॉ कॉलेजात उधारीवर तर्री-पोहे खायचा,
आणि मेसच्या बाईला करारनामा लिहून द्यायचा:
रक्कम महिनाअखेर देय, व्याज शून्य.
त्याचा पहिला दस्त. माझ्याच मशीनवरचा, फुकट.

मग लागोस. काळा कोट, सात वर्षं.
मग कोट खुंटीला, आणि बँक:
कुणाचं बंदर, कुणाचा सिमेंटचा कारखाना,
कुणाला किती भांडवल, किती टक्क्यानं.
आता मिहानमध्ये कुठलासा सौदा.
गाडी कडुनिंबाखाली, एसी चालू.

"वकिली काऊन सोडली?"
त्यानं चहा बशीत ओतला. तसाच, सांडत.
"कोर्टातली तारीख पुढे जाते.
रोख्याची येते. ठरल्या दिवशी, पैसे मागत."
फुंकर मारली. घोट घेतला नाही.
"कधी वाटते, पुढे जाणारीच बरी होती.
माणूस पुन्हा भेटत तरी होता."

"तुमच्या कामठीच्या घराची केस?"
मी डायरी उघडून दाखवली. चौदा जून.
साल त्यानं दोनदा वाचलं.

उठताना पाचाचं नाणं मशीनवर ठेवलं.
"मेसच्या दस्ताचे."
"आणि व्याज?"
"वाच ना बे करार."

बाकावर नवरा-बायको
मधे पिशवी ठेवून
चौथ्या पानाची वाट बघत होते.