सासू आणि सून यांच्यामधून

पास्कूच्या दुकानात एका रुपयाला तीन जीव मिळायचे.
पुढे आईस्क्रीमचा फ्रीज, मागे पडद्याआड ती पेटी,
पेटीत एक दरी,
दरीच्या टोकाला शत्रूचं कोठार.
वरून गेलं तर तोफा. म्हणून आतून जायचं,
कड्याला पंख घासत, पोटाखाली पाणी,
एक वळण संपायच्या आत दुसरं,
आणि शेवटी बोटभर भोक. त्यात बॉम्ब सोडायचा
आणि नाक वर.

पहिलं विमान रुझारचं. सुट्टे त्याच्याकडे असायचे,
रापणीवर मासे वेचून मिळवलेले,
खवल्यांचा वास लागलेले.
मी दुसरं विमान.
दुसऱ्या विमानाचं काम ठरलेलं असतं:
मागे राहायचं, तोफा अंगावर घ्यायच्या
आणि तिसऱ्या वळणावर, "तू हो पुढे" म्हणत
पेटून कोसळायचं.
अशा सगळ्या गोष्टींत असंच. कुणीतरी आत शिरतो,
कुणीतरी त्याच्यामागे जळतो.
आठवीत असताना हे माझ्या लक्षात आलं
आणि मी चिडून पास्कूला विचारलं, असं का?
तो पाट्यावर बर्फ फोडत होता.
"रुपयो घाल गो, आणि पयली हो."

आता मी पुण्यात दऱ्या बनवते. पगारावर.
कड्यांना शेवाळ लावते, वळणं मोजते
आणि धंद्यातलं एक गुपित सांभाळते:
पडद्यावर दिसतं ते विमान आपटतच नाही.
त्याच्या पोटात एक लहान, न दिसणारा डबा असतो.
आपटतो तो डबा.
पंख दगडातून आरपार गेला तरी आम्ही माफ करतो.
खेळणाऱ्याला वाटतं, केसभर अंतराने वाचलो!
ते केसभर अंतर मी मंगळवारी
जेवणाच्या सुट्टीआधी वाढवलेलं असतं.

मे महिन्यात गावी गेले, मालवणला. रुझारची स्वतःची होडी आहे,
दोन इंजिनं, त्यातलं एक बंद.
परतताना ओहोटी लागली. वळसा घातला तर अंधार,
म्हणून त्याने होडी
सासू आणि सून यांच्यामध्ये घातली.
दोन खडपं. सासू पाण्यावर दिसते.
सून दिसत नाही, फक्त फेस काढते.
मधून दोन होड्या जातील म्हणतात.
मला एकीचीही जागा दिसेना.

माझे डोळे त्या फेसावर चिकटले. हात आपोआप
नसलेल्या दांड्यावर.
रुझार म्हणाला, "खडपाकडे बघू नको गो.
जेच्याकडे बघशीत, थयच जाशीत."
तो जमिनीकडे बघत होता:
इगर्जेचा क्रूस, त्यामागे मोबाईलचा टॉवर.
एकामागे एक लपले की वाट तीच.
आधी टॉवरच्या जागी सुरूचं झाड होतं,
बापाने दाखवलेलं.
"वादळात पडला ता. मगे दोन म्हयने
हयसून कोण गेलो नाय. मगे एकटो गेलो."
कोण, मी विचारलं.
त्याने इंजिन वाढवलं.

होडी अजिबात माफीची नव्हती,
जेवढी दिसत होती तेवढीच होती, फळीन् फळी.
डावीकडे सून हातभरावर फुसफुसली.
आणि मग शेवटी ना कोठार, ना भोक.
बंदर, बर्फाची गाडी,
बांगड्याच्या दरावरून चाललेलं भांडण.
नाक वर करायला काही नव्हतंच.
मी तरी मान वर केली.

पुण्याला येऊन दरीच्या टोकाला
एक पांढरा क्रूस उभा केला, मागे एक झाड.
कुणाला सांगितलं नाही. डबाही काढून टाकला,
आता पंख म्हणजे पंख.
बारा जणांनी खेळून पाहिलं.
अकरा जण कड्यांकडे बघत मेले.
एक मुलगी पार गेली. कशी, ते तिलाही सांगता येईना.
दुसरं विमानही आता पार जाऊ शकतं, तेवढं मी केलंय.
साहेब म्हणतात, त्याने थरार कमी होतो.

असेल.
पुढच्या आवृत्तीत मी ते झाड पाडणार आहे.