दीड अंश

बुक्की खाली गोठ्यात उभी आहे,
नऊ महिन्यांची देवणी कालवड,
जात शेवेरा, पांढऱ्यावर काळे शिंतोडे.
फाल्गुनात तिच्या मांडीतून
काझी मॅडमनी चिमूटभर मांस काढलं,
ज्वारीच्या दाण्याएवढं.
पाय मीच धरला होता. तिनं लाथ झाडली,
वळ अजून नडगीवर आहे माझ्या.

त्या दाण्याला वरच्या मजल्यावर पीक आलंय.
आधी नुसतं गढूळ पाणी वाटायचं.
मग पेशी लांबल्या, एकमेकींना धरून
दोन रबरी खुंट्यांमधे
दाव्यासारख्या ताणून बसल्या,
आणि एका मंगळवारी, कुणी न सांगता, हलल्या.
"येरमे, बघा."
मी भिंगातून पाहिलं, तोंडातून निघून गेलं,
"मायला, हलायलंय की."
मॅडम हसल्या नाहीत. चष्मा पुसत राहिल्या.

तेव्हापासून रोज तालीम.
सकाळी अर्धा तास विजेचे बारीक झटके,
सेकंदाला एक. चुकवली तर मांस ढिलं पडतं.
खाली चिकटवलंय रबराचं मऊ पान.
झटक्यासरशी पान वाकतं,
केसभर पुढं सरकतं,
तालीम संपेपर्यंत बशीचा अर्धा रस्ता होतो.
मॅडम म्हणतात, एक दिवस असलं काही
गाईच्या पोटात उतरेल,
कडब्याबरोबर गेलेली तार शोधेल,
कुठं टोचणार नाही, त्यालाच हाड नाही.
मी मान हलवतो.
मी तार काढलेल्या गाई पाहिल्यात.
न निघालेल्याही.

परवा दुपारी दीडला लाइट गेली.
उदगिरात मे महिन्यात ही बातमी नव्हे,
पण जनरेटरही दोनदा खोकला आणि बसला.
खोलीत एक्केचाळीस.
उबवणीच्या पेटीला ऊब देता येते,
थंड व्हायला तिला कुणी शिकवलेलं नाही.
मॅडम लातूरला, मीटिंगमधे. फोनवर कुजबुजल्या,
"सदतीस, येरमे. साडेअडतीसही चालेल.
चाळीस गेलं की संपलं."

माठाच्या पाण्यात थर्मामीटर घातला: सव्वीस.
ओल्या पोत्याखाली एकतीस, आणि घसरतंय.
जिन्याखाली एकोणचाळीस.
सगळ्या इमारतीत सदतीसवर थांबलेलं
एकच काही होतं.

बाटलीचं बूच घट्ट केलं,
शर्टाची तीन बटणं काढली,
बाटली पोटाशी धरली, वरून ओला टॉवेल,
आणि जिन्याखाली बसून राहिलो.
तीन तास. लघवीलाही उठलो नाही.
ते हलत होतं का, सांगता येत नाही.
पोट माझं, घाम माझा,
शीरही माझीच उडत असेल.
शिपाई वाकून विचारून गेला, "पोट दुखायलंय का?"
म्हटलं, हाव.

गाईचं अंग आपल्यापेक्षा दीड अंश गरम.
हे मी पुस्तकात वाचलेलं नाही,
वीस वर्षं शेपट्या वर धरून शिकलोय.
म्हणजे बुक्कीचं ते मांस
मला गारच म्हणत असेल.
भर उन्हात कुणी लिंबाखाली बांधावं, तसं.

पावणेपाचला पंखे फिरले.
बशीत ओतलं, तारा लावल्या, फोन टेबलावर उताणा.
एक झटका. काही नाही.
दुसरा, तिसरा.
मॅडमचा श्वास तेवढा ऐकू येत होता.
सातव्याला पानाचं टोक उचललं,
आळशी पोरानं कूस बदलावी तसं,
परत पडलं.
"हलायलंय का?" मॅडमनी विचारलं,
पहिल्यांदाच माझ्या बोलीत.
मला उत्तर देता येईना.

नंतर खाली गेलो.
बुक्की रवंथ करत होती.
टाक्याच्या खुणेवर माशी बसली होती.
तेवढ्या जागेचीच कातडी थरारली,
बाकी गाय स्वस्थ.
माशी उडाली.
मी हात पुढं केला,
मग नडगी आठवली,
आणि जरा बाजूला सरकून उभा राहिलो.